पारायण आणि मनन : पंडिता रमाबाईंचे शास्त्रवाचन

मराठी धर्मवाङ्मय हे बहुतांशी कानाने ऐकण्याचे वाङ्मय आहे. ज्ञानेश्वरी सामान्य जनांपर्यंत पोचली ती निरूपणातून, तुकोबांचा अभंग पोचला तो टाळमृदंगाच्या साथीने, आणि भागवत पोचले ते पुराणिकाच्या मुखातून. पोथी घरोघर असे, परंतु ती उघडून एकट्याने, मुकाट्याने, अर्थ लावीत वाचणारा वाचक विरळाच. ख्रिस्ती धर्म मराठीत आला तेव्हा त्यालाही प्रथम हीच वाट धरावी लागली. फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ 1616 साली रायतूर येथे छापले गेले ते रोमन लिपीत, परंतु त्याचा छंद ओवीचा आणि त्याचे नाव पुराणाचे. नव्याने ख्रिस्ती झालेल्या गोमंतकीयांना जुन्या पुराणांच्या जागी ऐकावयास काही हवे होते, ही त्या ग्रंथामागची गरज. ते चर्चमध्ये मोठ्याने वाचले जाई आणि समुदाय ऐके. म्हणजे देव बदलला, कथा बदलली, पण श्रोता तोच राहिला.

श्रोत्याचा वाचक झाला तो एकोणिसाव्या शतकात, प्रॉटेस्टंट मिशनांच्या छापखान्यांमुळे. सेरामपूरला मराठी नवा करार 1811 मध्ये निघाला. पुढे मुंबईच्या मिशनऱ्यांनी स्वतंत्र भाषांतरे केली. या छापील पुस्तकाबरोबर एक नवा नित्यनेमही आला. रोज पहाटे किंवा निजण्यापूर्वी शास्त्रातील ठराविक भाग वाचावा, एखाद्या वचनाशी थांबावे, ते आपल्या त्या दिवसाच्या जगण्याला लावून पाहावे आणि मग प्रार्थना करावी, असा तो नेम. जर्मनीतील हेर्नहूट येथील मोरेव्हियन मंडळींनी रोजच्या वचनांची पुस्तिका 1731 पासून वर्षानुवर्षे छापली. इंग्लंड-अमेरिकेत अशा ‘रोजच्या चिंतनां’चे एक स्वतंत्र वाङ्मयच उभे राहिले. बाबा पदमनजींसारख्या मराठी ख्रिस्ती लेखकाने नव्या करारावर टीका लिहिली तीही असा वाचक डोळ्यांपुढे ठेवूनच. मराठी समीक्षेने या साऱ्या लेखनाकडे प्रचारसाहित्य म्हणून पाहिले व ते बाजूस ठेवले. त्यातील पुष्कळसे लेखन त्याच योग्यतेचे आहे, हेही खरे. तथापि या नेमाने एका असामान्य बुद्धीच्या मराठी स्त्रीच्या हाती काय घडविले, ही कथा प्रचाराच्या सदरात मावत नाही. ती स्त्री म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाई या पुराणिकाच्या घरातल्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकविले म्हणून स्वजनांचा रोष ओढवून घेतला आणि गंगामूळच्या अरण्यात आश्रम केला. रमाबाईंचा जन्म तेथलाच, 1858 चा. पुढे कुटुंब तीर्थाटनाला निघाले ते कायमचेच. आईकडून त्या संस्कृत शिकल्या. अठरा हजार श्लोकांचे भागवत त्यांनी लहान वयातच मुखोद्गत केले. 1907 साली त्यांनी इंग्रजीत आपली ‘साक्ष’ लिहिली. आपल्याला लाभलेल्या अक्षय ठेव्याची ही साक्ष आहे, असे तिचे नाव सांगते. तीत त्यांनी या पुराणिकीचे जे वर्णन केले आहे ते मराठी धर्मजीवनाच्या अभ्यासकाने अवश्य वाचावे. देवळाच्या सभामंडपात, झाडाखाली किंवा नदीच्या घाटावर पोथी घेऊन बसावे आणि मोठ्याने, सुरात वाचीत राहावे. ऐकणाऱ्याला संस्कृत कळत नाही. ते कळावे अशी अपेक्षाही नाही. पवित्र शब्दाचा नाद कानी पडला की पुण्य जोडले. लोक येत, क्षणभर बसत, पोथीपुढे काही ठेवीत आणि जात. वाचणाऱ्याने त्यांच्याकडे पाहावयाचेही कारण नसे. डोंगरे कुटुंबाने याच वृत्तीवर वर्षानुवर्षे गुजराण केली, आणि विशेष हे की ते अर्थ सांगत नसत, केवळ वाचीत.

या वर्णनात कडवटपणा आहे, आणि तो धर्मांतरानंतरचा आहे हे विसरता येत नाही. नादालाही धर्मजीवनात स्थान असते. अर्थ न कळता ऐकलेल्या श्लोकानेही कित्येकांच्या मनाला धीर दिला आहे, याची दखल ‘साक्ष’ घेत नाही. परंतु कडवटपणाचे कारण तिच्यातच नमूद आहे. 1874 च्या सुमारास दुष्काळात वडील, आई आणि बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेली. सांगितलेली सारी व्रते व दाने झाली होती, देवापुढे जवळचे होते नव्हते ते वाहून झाले होते. रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवास पायी भटकत भटकत 1878 मध्ये कलकत्त्यास पोचले, तेव्हा त्यांच्याजवळ पाठांतर सगळे होते. श्रद्धा मात्र उरली नव्हती.

कलकत्त्याच्या पंडितांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या देऊन त्यांचा गौरव केला, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. त्याच शहरात त्यांच्या हाती दोन पुस्तके पडली, हे तितकेसे सांगितले जात नाही. एका ख्रिस्ती मेळाव्याला त्या गेल्या. तेथे शास्त्राचा अध्याय वाचला गेला, गीते झाली, आणि मंडळी आपापल्या खुर्च्यांकडे तोंड करून गुडघे टेकून बसली. ही माणसे खुर्च्यांनाच नमस्कार करीत आहेत, असे या विद्वान तरुणीला वाटले. निघताना तिला संस्कृत बायबलची प्रत भेट मिळाली. ती तिने उघडली, पण गोडी लागेना. भागवताच्या संस्कृतात वाढलेल्या कानाला ते संस्कृत परके वाटले. दुसरे पुस्तक केशवचंद्र सेनांनी दिले. वेद वाचले आहेत काय, असे त्यांनी विचारले. स्त्रीला तो अधिकार नाही, असे उत्तर मिळाल्यावर त्यांनी वेदाची एक प्रत तिच्या हाती ठेवली. अठरा हजार श्लोक पाठ असलेल्या स्त्रीला वेद उघडण्यास कोणाची तरी अनुज्ञा लागावी, आणि अनुज्ञेची गरज नसलेले बायबल तिच्या हातून मिटले जावे, या दोन प्रसंगांतून वाचनाचे सारे राजकारण दिसून येते. ग्रंथ खुला असणे पुरेसे नसते. त्याची भाषा वाचणाऱ्याला आपल्या घरची वाटावी लागते. पुढे केडगावला रमाबाईंनी जे काम आरंभिले, त्याचे बीज त्या न वाचल्या गेलेल्या संस्कृत बायबलात असावे, असे म्हणण्यास जागा आहे.

त्यांचे खरे वाचन सुरू झाले ते आसामातील सिलचर येथे, आणि तेही बंगालीत. बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशी 1880 मध्ये त्यांचा विवाह झाला होता. घरातील पुस्तकांत लूककृत शुभवर्तमानाची एक लहानशी बंगाली पुस्तिका त्यांना सापडली. ती तेथे कशी आली हे त्यांना कधीच कळले नाही. बाप्टिस्ट मिशनचे अॅलन नावाचे गृहस्थ घरी येऊन उत्पत्तीच्या पुस्तकातील कथा समजावून देत. पत्नीची ख्रिस्ती होण्याची इच्छा ऐकून मेधावी नाराज झाले आणि ही शिकवण थांबवावी असे म्हणू लागले. 1882 च्या फेब्रुवारीत मेधावी वारले. तान्ह्या मनोरमेला घेऊन रमाबाई पुण्यास आल्या आणि तेथे मिस हरफर्ड यांच्याजवळ इंग्रजीबरोबर मराठी नवा करार वाचू लागल्या. संस्कृत, बंगाली, मराठी असा हा क्रम आहे. देववाणीकडून देशीकडे आणि देशीतून मायबोलीकडे अशी ती उतरंड नसून चढण होती.

1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि 29 सप्टेंबर रोजी वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. निर्णयाच्या आधीचा एक प्रसंग त्यांनी स्वतः सांगितला आहे. वाँटेजच्या भगिनींनी त्यांना लंडनमधील फुलहॅम येथे नेले. समाजाने टाकलेल्या स्त्रियांना तेथे आसरा दिला जाई. या स्त्रियांची सेवा तुम्ही का करता, या प्रश्नाला एका भगिनीने स्वतःच्या शब्दांत उत्तर न देता योहानकृत शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखविला. विहिरीवर आलेल्या शोमरोनी स्त्रीशी येशू बोलतो, तो हा अध्याय. त्यात स्त्री विचारते की, उपासना आमच्या डोंगरावर करावी की यरुशलेमात. आणि उत्तर मिळते की, खऱ्या उपासनेला ना हा डोंगर लागतो ना ते नगर. अध्यायातील करुणेने आपण हेलावलो असे रमाबाई सांगतात. परंतु तो वाचताना त्यांचे पूर्वायुष्य डोळ्यांपुढे आणले तर त्याला आणखी एक धार येते. तीर्थामागून तीर्थ करीत ज्या मुलीचे बालपण सरले आणि ज्या वाटेवर आईवडिलांचा अंत झाला, तिला कोणी सांगत होते की डोंगराची आणि नगराची गरजच नव्हती. रोजच्या वाचनातील मनन म्हणतात ते हेच. वचन सर्वांसाठी एकच असते. ते कोणत्या आयुष्यावर पडते त्यावरून त्याचा अर्थ निघतो.

बाप्तिस्मा झाला म्हणून प्रश्न मिटले नाहीत. किंबहुना रमाबाईंचे सर्वांत तेजस्वी वाचन त्यानंतरचे आहे. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार ए. बी. शहा यांनी संपादित केला व महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने 1977 मध्ये प्रसिद्ध केला. तो वाचताना पुराणिकाच्या घरातली पोर गुरूंच्या पंक्तीला बसून शास्त्रार्थ करीत आहे असा भास होतो. चर्चने ठरविले म्हणून त्रैक्याचा सिद्धांत मानावयाचा, हे त्यांना पटेना. शास्त्रात ते कोठे आहे ते दाखवा, असे त्या म्हणत. मार्गदर्शिका सांगत होती की नम्र हो. शिष्या उत्तर देत होती की एका पुरोहितवर्गाचा अधिकार सोडून आले ती दुसऱ्याचा स्वीकारण्यासाठी नव्हे. सर्वांत बोलका वाद झाला तो क्रूसावरील अक्षरांवरून. भगिनींच्या क्रूसावर लॅटिन लेख असे. तो लेख संस्कृतात असावा, असा रमाबाईंचा आग्रह होता. लॅटिनमध्ये असे काय आहे की जे आपल्या प्राचीन भाषेत नाही, हा त्यांचा सवाल. भाविक मननात शंकेला स्थान नसते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. या पत्रांत शंका हेच मनन आहे.

पुढे त्यांनी लिहिले की, बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षे लोटल्यावर आपल्याला उमगले की आपल्याला ख्रिस्ती धर्म गवसला होता, ख्रिस्त गवसला नव्हता. हे वाक्य मिशनरी वाङ्मयात फार उद्धृत झाले आणि त्यामुळे थोडेसे गुळगुळीत झाले. त्यांच्या वाचनाच्या इतिहासात मात्र ते महत्त्वाचे ठरते. तर्काने वाचलेला ग्रंथ आणि स्वतःला उद्देशून लिहिलेले पत्र म्हणून वाचलेला ग्रंथ यांतील अंतर ते सांगते.

हे दुसरे वाचन आतल्या खोलीत चालते. पण खोलीचे दार उघडे असले तर? 1889 मध्ये मुंबईत निघालेले शारदासदन पुढल्याच वर्षी पुण्यास हलले. विधवांच्या शिक्षणाची ती संस्था धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, असे पालकांना आणि सल्लागारांना वचन दिलेले होते. रमाबाई पहाटे आपल्या खोलीत बायबल वाचीत आणि प्रार्थना करीत. दार लावून घेत नसत. मुली येऊन बसू लागल्या. त्यांना बोलावले नव्हते आणि हाकललेही नाही, ही रमाबाईंची बाजू. ज्या स्त्रीच्या आश्रयाला अनाथ मुली राहतात तिच्या उघड्या दारात तटस्थपणा कसा राहणार, ही दुसरी. 1893 मध्ये पुण्यात वादळ उठले, ‘केसरी’ने टीकेची झोड उठविली, पालकांनी मुली काढून नेल्या, आणि न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारखे सहानुभूतीचे सल्लागारही बाजूला झाले. या सुधारकांना भीरू ठरविण्याचा प्रघात पडला आहे तो न्याय्य नाही. पालकांचा विश्वास गेला की विधवांचे शिक्षणच थांबेल, हे त्यांना दिसत होते. परंतु रमाबाईंनी दार लावून घेतले असते तर त्यांच्या लेखी ते वाचनच खोटे ठरले असते. लहानपणी घाटावर वाचताना ऐकणारा कोण आहे, त्याला कळते की नाही, याचा विचार करावयाचा नसे. आता अर्थ कळलेल्या स्त्रीला, दारात उभ्या असलेल्या मुलीला पाठमोरे होणे शक्य नव्हते. हा वाद अटींचा आणि वचनांचा म्हणून लढला गेला. मुळात तो दोन प्रकारच्या वाचनांचा होता.

केडगाव येथे मुक्तिसदन उभे राहिले, आणि 1896 च्या व 1900 च्या दुष्काळांनी तेथे मध्यप्रांतातून व गुजरातेतून शेकडो मुली-बाया आल्या. त्यांना शेती, विणकाम, छपाई शिकविली जाई. 1905 मध्ये तेथे उत्कट सामुदायिक प्रार्थनेची लाट उसळली आणि तिची वार्ता देशोदेशी गेली. मिशनच्या इतिहासकारांनी या लाटेवर फार लिहिले आहे. वाङ्मयाच्या अभ्यासकाचे लक्ष त्याच आवारात त्याच काळात शांतपणे चाललेल्या दुसऱ्या उद्योगाकडे जावयास हवे. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या होत्या आणि बायबलचे मुळापासून मराठी भाषांतर करीत होत्या. एकीकडे अश्रू आणि आकांत, दुसरीकडे धातू आणि प्रत्यय. एकाच स्त्रीच्या ठायी ही दोन्ही एकत्र नांदली, याचे आश्चर्य करण्यापेक्षा अनंतशास्त्र्यांच्या घरातील व्याकरणाची शिस्त आठवावी.

प्रचलित मराठी बायबल असताना हा खटाटोप कशासाठी? रमाबाईंचे आक्षेप दोन होते. ती भाषा संस्कृतप्रचुर होती आणि अल्पशिक्षित स्त्रीला रोज वाचावयास जड होती, हा पहिला. तीतले कित्येक शब्द हिंदू शास्त्रांच्या अर्थाने भारलेले होते आणि त्यामुळे वाचणारीला मूळ आशय न मिळता जुनाच आशय नव्या पुठ्ठ्यात मिळे, हा दुसरा. पहिला आक्षेप कोणीही मान्य करील. दुसऱ्यात भाषांतराचा सनातन पेच आहे. योहानाच्या तिसऱ्या अध्यायात माणसाने पुन्हा जन्मले पाहिजे असे येते. तेथे ‘पुनर्जन्म’ हा शब्द योजला तर मराठी वाचकाच्या मनात चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा उभा राहतो, आणि तो टाळला तर वाक्य अनोळखी होते. रमाबाईंनी अनोळखीपणा पत्करला. क्रूसावर संस्कृतचा हट्ट धरणारीच संस्कृतच्या सावलीपासून दूर सरली, यात विसंगती दिसते. परंतु वाँटेजला तो प्रश्न लॅटिनच्या वर्चस्वाचा होता, आणि केडगावात ज्या मुलींनी कधी पोथी ऐकलीही नव्हती त्यांच्या आकलनाचा होता. ज्या विद्वत्तेने पदव्या दिल्या तीच त्यांनी मुलींच्या वाटेतून बाजूला काढली. तरीही शब्द माणसाच्या हुकमतीत राहत नाहीत. ज्या संस्थेत हे शुद्धीकरण चालले होते तिचे नाव होते ‘मुक्ती’, आणि त्याहून अधिक उपनिषदांचा भार वाहणारा शब्द मराठीत क्वचितच सापडेल.

भाषांतराचे जुळे मुक्तिसदनातल्या स्त्रियांनी जुळविले आणि छपाईही त्यांनीच केली. 1921 मध्ये मनोरमा गेली. काम संपता संपता, 5 एप्रिल 1922 रोजी, रमाबाईंचे निधन झाले, आणि संपूर्ण ग्रंथ 1924 मध्ये बाहेर पडला. तो मराठी ख्रिस्ती समाजात रुळला नाही. चर्चमध्ये बायबल सोसायटीचे भाषांतरच चालू राहिले, आणि मराठी साहित्याने तर या ग्रंथाची नोंदही धड घेतली नाही.

याच्या उलट नारायण वामन टिळकांचे झाले. त्यांचीही कथा एका पुस्तकापासून सुरू होते. राजनांदगावच्या वाटेवर आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने नव्या कराराची प्रत दिली. वाचीन असा शब्द दिला म्हणून टिळक वाचू लागले, आणि डोंगरावरील प्रवचनापाशी आल्यावर पुस्तक खाली ठेववेना. 1895 च्या फेब्रुवारीत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचे मनन अभंगात आणि ओवीत उतरले. तुकोबांचा छंद, वारकऱ्यांची आर्तता, ‘बाप’ आणि ‘माउली’ यांची भाषा त्यांनी निःसंकोच येशूकडे वळविली. ‘अभंगांजली’ ख्रिस्तेतरांनीही आपली मानली. अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. वारशाच्या शब्दांना टिळक भ्याले नाहीत, म्हणून मराठीने त्यांना जवळ केले, हे विधान वारंवार केले जाते आणि ते यथार्थ आहे. परंतु त्यातून रमाबाईंची वाट चुकीची होती असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे होईल. टिळकांचा अभंग गावयाचा आणि ऐकावयाचा आहे. तो पुन्हा समुदायाकडे जातो, श्रोत्याच्या त्याच जुन्या कानाकडे. रमाबाईंना हवी होती ती एकटी बसून वाचणारी, बोटाने ओळ धरून पुढे सरकणारी, कोणा पुराणिकावाचून स्वतः अर्थ लावणारी स्त्री. अशा वाचकासाठी मराठी गद्यात त्यापूर्वी फारसे कोणी इतक्या निग्रहाने लिहिले नव्हते.

म्हणून 1924 च्या त्या ग्रंथाची परीक्षा धर्मशास्त्रज्ञांवर सोपवून समीक्षकांनी स्वस्थ बसणे योग्य नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या भारदस्त वाक्यरचनेने घडविलेल्या गद्याच्या शेजारी एक दुसरे, आखूड आणि अलंकारविहीन गद्य घडविण्याचा तो सुमारे दीड तपाचा प्रयत्न आहे. मूळ शब्दाला घट्ट धरण्याच्या आग्रहामुळे त्यात कोठे वाक्य अडखळते आणि कोठे सोपेपणाचा हेतू साधतो, हे अध्यायागणिक पाहावयास हवे. विशेषतः स्तोत्रांची आणि शुभवर्तमानांची पाने सोसायटीच्या भाषांतराशेजारी ठेवून वाचावयास हवीत. ज्या स्त्रियांनी ते जुळे जुळविले, त्यांच्यापैकी बहुतेकींना अक्षरओळख झाली होती ती मुक्तिसदनात आल्यावरच. त्या भाषांतराच्या पहिल्या वाचकही त्याच.